जो जास्त कोकलतो, तो मागच्या रांगेत

कारखान्यात काहीही साठू द्यायचं नाही, असा नियम आहे. सॉल्व्हंट साठलं तर विल्हेवाट, गाळ साठला तर विल्हेवाट, रजा साठल्या तर मार्चअखेर त्यांचीही विल्हेवाट! फक्त किस्से साठले तर त्यांचं काय करायचं, हे अजून कुठल्याच खात्याने सांगितलेलं नाही. ते साठत जातात आणि एक दिवस चहाच्या टपरीवर आपोआप गळती सुरू होते. आज ती माझी झाली आहे, तेव्हा सरकून बसा.

मी तारापूर एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत क्यूसी लॅबमध्ये आहे. राहते सरावलीला. आठवडाभर गोळ्या पाण्यात कधी विरघळतात ते बघत बसते आणि सुट्टीच्या दिवशी व्हायोलिन वाजवते. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्या कामामुळे शेजारी बोलेनासे झाले आहेत. एकूण हिशेब बरा आहे.

आमचा एक ऑर्केस्ट्रा आहे. ऑर्केस्ट्रा म्हटलं की इकडच्या लोकांना चमकीचा कोट घातलेला गायक, शेर म्हणणारी निवेदिका आणि स्टेजवर धूर सोडणारं मशीन आठवतं. आमच्याकडे गायक नाही, निवेदिका नाही. धूर आहे, पण तो खिडकीतून येतो, फुकट.

आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे परदेशात असतो तसला. व्हायोलिनं, बासऱ्या, ट्रम्पेट, ढोल, एकुलता एक चेलो आणि सगळ्यांसमोर काठी घेऊन उभे असलेले देवस्थळी सर. सर निवृत्त इंजिनिअर. लेक जर्मनीत. तिच्याकडे सहा महिने राहून आले, तेव्हा इतर लोक चॉकलेटं आणतात, तसा सरांनी तिथून एक तक्ता आणला. ऑर्केस्ट्रात कोणी कुठे बसायचं, याचा!

* * *

पहिल्या दिवशी बोईसरच्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही सगळे जमलो. सर अजून आले नव्हते. आपल्या लोकांना खुर्ची दिसली की जे होतं, ते झालं. पुढच्या रांगेवर रुमाल पडले, पर्स पडल्या, एकाने तर हेल्मेट ठेवलं.

सर आले. त्यांनी तक्ता भिंतीवर चिकटवला आणि शांतपणे सगळ्यांचे रुमाल उचलून परत दिले.

"पुढे व्हायोलिन आणि चेलो. तारांची वाद्यं. त्यांच्या मागे बासरी, क्लॅरिनेट, फुंकीची लाकडी वाद्यं. त्यांच्या मागे ट्रम्पेट वगैरे पितळी मंडळी. आणि सगळ्यात मागे ढोल-झांजा. अर्धगोलात, म्हणजे माझी काठी सगळ्यांना दिसेल."

"पण असं का?" कोणीतरी विचारलं.

"साधं आहे. ज्याचा आवाज जितका मोठा, तो तितका मागे. नाहीतर नाजूक वाद्यं ऐकूच येणार नाहीत."

मग ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसलेला हरेश मेहेर उठला. हरेश दातिवऱ्याचा. वडिलांचा लग्नातला बँड आता तोच सांभाळतो. सोबत तीन चुलतभाऊ, तेही ट्रम्पेटवाले.

"म्हंजे जो जास्त कोकलतो, त्याला मागं बसवाचा?"

"बरोबर."

"सर, हा नेम आमच्या ग्रामसभेत लावा ना पयला!"

त्या दिवशी सरांनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. "मला टाळ्या नकोत, शाल नको, नारळ नको. माझी एकच इच्छा आहे. एकदा, फक्त एकदा, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सगळी माणसं आपापल्या जागेवर बसलेली मला बघायची आहेत."

आम्हाला हसू आलं. ही काय इच्छा झाली? माणूस मर्सिडीज मागतो, फ्लॅट मागतो. खुर्चीवर बसायला काय लागतं! लागतं बरंच काही. ते पुढे कळलं.

* * *

महिनाभर तक्त्याप्रमाणे बसलो. मग सर आठ दिवस पुण्याला जाऊन आले. परत येऊन बघतात तर ढोलाशेजारी बासरी, बासरीशेजारी व्हायोलिन, व्हायोलिनच्या मांडीवर जवळजवळ ट्रम्पेट.

"हे काय चाललंय?"

बासरीवाला मिलिंद उठला. मिलिंद एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे, त्यामुळे वाईट बातमी नेहमी त्यालाच द्यावी लागते.

"सर, आम्ही शिफ्टप्रमाणे बसलो."

"कशाप्रमाणे?"

"ज्यांची सेकंड शिफ्ट आहे, ते दाराजवळ. त्यांना मध्येच उठावं लागतं ना! जे फर्स्ट करून आलेत, ते भिंतीला टेकून. आणि नाइट करून आलेले त्या खांबाच्या मागे."

"खांबाच्या मागून माझी काठी कशी दिसणार?"

"दिसायला नकोच आहे सर. ते झोपलेत."

सर खांबाच्या मागे डोकावले. तिथे झांजा वाजवणारे पांडेजी दोन्ही झांजा पोटावर ठेवून घोरत होते. पांडेजी गोरखपूरकडचे, इथे एका कंपनीत रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर. सरांनी त्यांना हलवलं. पांडेजींनी डोळेही न उघडता विचारलं, "रिलीव्हर आ गया क्या?"

जगातल्या सगळ्या मोठ्या ऑर्केस्ट्रांची रचना आवाजावर ठरते. कंपनीच्या बसच्या वेळेवर ठरणारा ऑर्केस्ट्रा आमचाच! सरांना मी तसं अभिमानाने सांगितलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली उघडली.

* * *

पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसते ती साऱ्या वादकांची पुढारी. कार्यक्रमाच्या शेवटी सर तिच्याशी हात मिळवतात. ही खुर्ची आमच्याकडे नंदाताई राऊतांची. नंदाताई एडवणच्या. घरची केळीची बाग, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आवाज असा की बागेतून हाक मारली तर शेजारच्या गावातली पोरंही अभ्यासाला बसावीत.

"आमच्या सात पिढ्या कधी मागे बसलेल्या नाहीत," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

मे महिना आला. हॉलमध्ये पंखे सहा, त्यातले चालू दोन. आणि ते दोन्ही कुठे? ट्रम्पेटवाल्यांच्या डोक्यावर! पुढे मान मिळत होता, मागे वारा मिळत होता. आमच्याकडे व्हायोलिनला सगळ्या बायकाच. घाम कपाळावरून हनुवटीवर, हनुवटीवरून व्हायोलिनवर. मागे हरेशच्या शर्टाची कॉलर मात्र झेंड्यासारखी फडफडत होती.

दोन आठवडे नंदाताईंनी मान राखला. तिसऱ्या आठवड्यात त्या सरांकडे गेल्या.

"सर, ज्याचा आवाज मोठा, तो मागे, हेच शास्त्र ना?"

"हो."

"मग मला वाटतं, हल्ली आमचा आवाज फार वाढलाय."

सरांनी मान्य केलं नाही. पुढच्या आठवड्यात नंदाताईंनी आम्हा सगळ्यांना बजावलं, "आज जोरात वाजवायचं. कोणी हात आखडता घ्यायचा नाही." अंगाईगीतासारखी हळुवार चाल होती ती. आम्ही ती अशी वाजवली की खालच्या मजल्यावर साखरपुडा चालू होता, तिथून मुलीचा मामा वर आला.

"कोणाला काही झालंय का?" त्याने विचारलं.

* * *

आता माझं दुःख. मी दुसऱ्या व्हायोलिनमध्ये, शेवटच्या खुर्चीवर.

दुसरं व्हायोलिन म्हणजे काय, हे मी सासरी समजावून थकले. पहिलं व्हायोलिन चाल वाजवतं. दुसरं व्हायोलिन त्या चालीला खालून टेकू देतं. म्हणजे लग्नात जसं एक जण व्यासपीठावर अक्षता टाकतं आणि एक जण खाली पानांवर मीठ वाढत फिरतं. मीठ नसेल तर जेवण होत नाही. पण मीठ वाढणाऱ्याचा फोटो तुम्ही कधी पाहिलाय?

सरावलीच्या शाळेत आमचा पहिला छोटा कार्यक्रम झाला, तेव्हा नवऱ्याने मोबाइलवर सगळं शूटिंग केलं. जागचा हलला नाही बिचारा. घरी येऊन टीव्हीला जोडलं, सासूबाई, नणंद, सगळे समोर बसले. तासभराच्या त्या शूटिंगमध्ये नंदाताई आहेत, नंदाताईंची पैठणी आहे, सरांची पाठ आहे, आणि कोपऱ्यात एक कोपर आहे.

"तू कुठे आहेस?" सासूबाईंनी विचारलं.

"ते कोपर," मी म्हणाले.

सासूबाई पुढे सरकल्या, चष्मा पुसला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "छान हलतंय हो!"

* * *

त्याच कार्यक्रमात पांडेजींनी इतिहास घडवला.

झांजा वाजवणाऱ्याचं आयुष्य कसं असतं, तर पंधरा मिनिटांच्या तुकड्यात, म्हणजे एका अख्ख्या रचनेत, त्याने फक्त एकदा वाजवायचं असतं. बाकी चौदा मिनिटं आणि काही सेकंद तो सगळ्यात मागे उभा असतो, हातात दोन पितळी ताटं घेऊन, जेवण संपल्यावर पंगतीला आल्यासारखा. आमच्या पांडेजींना याचं काही वाटत नाही. ते म्हणतात, कंपनीत पण रात्रभर मीटर बघायचा आणि एकदाच वाल्व फिरवायचा. सवय आहे.

ठरलं असं होतं की सर डावा हात वर नेतील आणि पांडेजी झांजा मारतील. तालमीत कधी चुकले नाहीत.

कार्यक्रमात बासरी चालू होती. अगदी हळू. पुढे अजून अर्धा तुकडा बाकी. आणि सरांना शिंक आली. माणूस शिंकताना हात वर नेतोच. सरांनी डावा नेला.

धडाम!

अख्ख्या शाळेची झोप उडाली. श्रोत्यांना वाटलं, संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रमुख पाहुणे उठून माइककडे निघाले, आणि आपल्याकडे एकदा पाहुणे माइककडे निघाले की त्यांना जर्मनीचं शास्त्रही परत बसवू शकत नाही. उरलेला अर्धा तुकडा तसाच राहिला. काही जणांनी तर वाद्यं पेटीत भरायलाही घेतली. पुन्हा जागा सुटल्या!

सर नंतर पांडेजींजवळ गेले. "पांडेजी, अहो, मला शिंक आली होती!"

पांडेजींनी अत्यंत नम्रपणे सांगितलं, "सर, सिग्नल आया, हमने वाल्व खोल दिया. सिग्नल क्यों आया, ये पूछना ऑपरेटर का काम नहीं है."

* * *

तेच प्रमुख पाहुणे. नाव सांगत नाही, कारण निवडणूक कधीही लागू शकते. चहा पिताना त्यांनी मिलिंदला बाजूला घेतलं.

"यांच्यात मेन कोण?"

मिलिंदने सरांकडे बोट दाखवलं.

"पण ते तर काहीच वाजवत नव्हते."

"नाही. ते कंडक्टर आहेत."

"बाकीचे सगळे घाम गाळत होते आणि हे नुसते पुढे उभे राहून हात हलवत होते?"

"हो, साहेब."

"आणि चांगलं झालं तर श्रेय यांना?"

"हो."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला, भरभर चालत सरांकडे गेले आणि त्यांना कडकडून मिठी मारली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या लाइनचा माणूस भेटला!"

* * *

हरेश आणि त्याच्या भावांचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. त्यांचं वाजवणं उत्तम. दोष एकच, त्यांना बसून वाजवता येत नव्हतं.

बँडवाला जन्मभर चालत वाजवतो. वाडीतून, गल्लीतून, समुद्रावरच्या वाळूतून. सूर फुफ्फुसातून येतो असं आपल्याला वाटतं. तो पायातून येतो, असं हरेशचं ठाम मत. त्यामुळे बसवलं तरी चौघांचे पाय चालूच. प्लास्टिकच्या खुर्च्या आणि गुळगुळीत लादी. सुरुवातीला ट्रम्पेट मागच्या रांगेत असायचं. तुकडा अर्ध्यावर आला की ते बासऱ्यांच्या मानेवर, आणि संपताना मिलिंद डोकं खाली घालून वाजवत असायचा, कारण त्याच्या कानाशी हरेशच्या ट्रम्पेटचं तोंड आलेलं असायचं! चार खुर्च्या, चार माणसं, बसल्या बसल्या पुढे सरकत असत.

मिलिंदने कंपनीच्या पद्धतीप्रमाणे रीतसर 'निअर मिस' नोंदवला. अपघात होता होता वाचला की कारखान्यात तशी नोंद करतात. तालमीत ती कोणाकडे द्यायची, हे मात्र त्याला कळेना. शेवटी त्याने ती स्वतःकडेच दिली आणि स्वतःच सही केली.

"हरेश, कुठे चाललास?" सर काठी थांबवून विचारायचे.

"मी बसलोच हाय सर!"

"खुर्ची चाललीय तुझी."

"मग तिला बोला ना!"

शेवटी हरेशनेच उपाय काढला. होडीचा दोर आणला आणि चारही खुर्च्या मागच्या खांबाला बांधल्या. गाठी स्वतः मारल्या. सर खूश. त्या दिवशी तुकडा जरा मरगळलेला झाला, पण सगळे जागेवर होते. पुढच्या तालमीला मात्र द्रुत लय आली आणि चारही गाठी एकदम सुटल्या. चौघे थेट क्लॅरिनेटमध्ये!

"अरे, तू घट्ट बांधलं होतंस ना?" सरांनी कपाळाला हात लावला.

"घट्टच बांदलेला सर. पन होडीची गाठ हाय. तुफान आला तर एका झटक्यात सुटाला नको?"

* * *

दिवाळीनंतर सरांनी सांगितलं की ते आता कायमचे लेकीकडे चालले आहेत. इथे एकटे राहायचे, गुडघे कुरकुरायला लागले होते, लेक ऐकत नव्हती. पालघरला मोठा कार्यक्रम ठरलाच होता. तो शेवटचा.

या माणसाने आमच्याकडून कधी काही घेतलं नव्हतं. मागितलेली एवढीशी गोष्टही आम्ही त्यांना देऊ शकलो नव्हतो. नंदाताई उठल्या आणि म्हणाल्या, "यावेळी जो जागेवरून हलेल, त्याची गाठ माझ्याशी आहे."

आणि आम्ही खरंच सुधारलो. पांडेजींनी शिफ्ट बदलून घेतली. नाइटवाल्यांनी आदल्या रात्री रजा टाकली. पालघरच्या हॉलमध्ये पंखे सगळीकडे होते आणि स्टेजवर जाड गालिचा होता, त्यामुळे खुर्च्या सरकेनात. हरेशच्या भावांनी तर पायात चपलाच घातल्या नाहीत. बोटं गालिचात रुतवून बसले होते.

पडदा उघडला. व्हायोलिनं पुढे, बासऱ्या मागे, त्यामागे पितळ, शेवटी ढोल-झांजा. हुबेहूब तक्ता! सरांनी आमच्यावरून एकदा नजर फिरवली आणि काठी उचलली.

एक तुकडा झाला. कोणी हललं नाही. दुसरा झाला. पांडेजींनी झांज बरोबर जागी मारली. मध्यंतरानंतरही सगळे परत आले, आणि आपापल्याच खुर्च्यांवर! सरांचे डोळे चमकायला लागले होते. राहिलं होतं फक्त शेवटचं मार्च. चार मिनिटांचं. मार्च म्हणजे सैनिकी चालीची धून. ट्रम्पेटचाच तुकडा तो.

आता पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर हरेशचे वडील बसले होते. काशिनाथबाबा. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट. छातीच्या दुखण्यामुळे त्यांनी वाजवणं सोडलं होतं, पण उमेदीची सगळी वर्षं दातिवऱ्याच्या बँडचे मास्तर तेच. मुलगा बसून वाजवतो म्हणजे नेमकं काय करतो, ते बघायला आले होते.

मार्च सुरू झालं. ट्रम्पेट असे लागले की मागच्या लोकांना राहवेना. पोरं मोबाइल घेऊन मधल्या वाटेत आली, शूटिंग करायला स्टेजला येऊन भिडली. बाबांना पोरगा दिसेना. ते उठले. स्टेजकडे पाठ केली, पोरांकडे तोंड केलं, उजवा हात उंच उचलला आणि ओरडले, "सरका! वाट द्या!"

एवढंच.

पण वरातीत गर्दी तुंबली की मास्तर नेमकं हेच करतो. बँडकडे पाठ करून हात वर करतो, "वाट द्या" म्हणतो, आणि बँड चालू लागतो. लहानपणापासून हरेशने आणि त्याच्या भावांनी तो हात बघितला होता. त्यांनी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. चौघे उठले आणि निघाले!

एक सूर चुकला नाही, हे सांगायला हवं. बासऱ्यांमधून वाट काढत, आम्हा व्हायोलिनवाल्यांच्या मधून, स्टेजच्या पायऱ्या उतरून. ट्रम्पेट निघाले म्हटल्यावर ढोल मागे राहतो होय? तोही निघाला. ढोल निघाला म्हणून पांडेजी निघाले. मिलिंद तेवढा "थांबा, थांबा" म्हणत उठला, आणि उठलाच आहे तर बासरी वाजवत निघाला; बाकीच्या बासऱ्या आणि क्लॅरिनेट त्याच्या मागे. पोरांनी वाट दिली, कोणीतरी दार उघडलं आणि अर्धा ऑर्केस्ट्रा वाजत वाजत पालघरच्या रस्त्यावर! मागून श्रोतेही. रिक्षांचे हॉर्न थांबलेले मला आतून ऐकू आले.

स्टेजवर उरलो आम्ही व्हायोलिनच्या बायका आणि चेलोवाली. नंदाताईंनी दातांवर दात रोवून सांगितलं होतं, "कोणी हलायचं नाही." आम्ही वाजवत होतो. सरांची काठी अजून ताल देत होती, समोर रिकाम्या खुर्च्या. त्यांच्याकडे बघण्याची माझी हिंमत होईना. दोन मिनिटं राहिली होती हो! फक्त दोन!

काशिनाथबाबांच्या तेव्हा लक्षात आलं की काय झालं. ते पायऱ्या चढून वर आले, टोपी काढली.

"मास्तर, चूक माजी. हात माजा वर गेला. पोरांना काय बोलू नका."

सरांची काठी हवेत तशीच. बाहेर ट्रम्पेट लांब लांब जात होते.

बाबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. मग त्यांना राहवलं नाही. "पन तुमी हितं उबे का? बँड गेला ना पुडं!"

"मग मी काय करू?" सरांनी विचारलं.

"बँडच्या मागं कोन चालतो? नवरा! तुमी नाय गेलाव तर त्यांनी वाजवाचा कोनासाटी?"

सरांनी बाबांकडे पाहिलं. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग काठी खिशात घातली, कोटाचं बटण लावलं, आमच्याकडे वळले आणि म्हणाले,

"करवल्यांनो, उठा."